वऱ्हाडात निर्भेळ काय होतं?

अमरावतीचा किंवा अकोल्याचा एखादा एकटा गाणारा पोरगा दुसरा अल्बम येण्याच्या आधी त्यातलं एक गाणं सोडतो. गाण्यात रॅप असतं, मधे भजनाची चाल डोकावते, खाली ढोलकी, वर गिटार, आणि भाषा अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. दोन दिवसांत जाणकारांचा निकाल हजर होतो: ही भेसळ आहे. हा ना धड लोकसंगीताचा, ना धड रॅपचा. मातीशी नातं सांगतो, पण मातीतलं काही शिकलेला नाही. पहिल्या अल्बमात थोडी तरी ओल होती, आता बाजारासाठी कालवाकालव सुरू झाली.

हा पक्ष सोपा करून मांडला तर खंडन सोपं होतं, आणि तसं करण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. या जाणकारांचं म्हणणं असं: प्रत्येक गानप्रकाराला स्वतःचा व्याकरणनियम असतो, तो एका समाजाच्या जगण्यातून घडलेला असतो. अभंग सगळ्यांनी मिळून टाळांच्या गजरात म्हणायचा असतो. लावणीला ढोलकी-तुणतुण्याचा फड लागतो. हे प्रकार समूहाचे असतात. एकट्या माणसानं खोलीत बसून ते तोडून जोडले की त्यांच्यामागचा समाज गळून पडतो आणि उरतात ते नुसते रंगाचे ओघळ. शिवाय मिश्रणाची ही हौस आपली नव्हे. ती मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतून आणि त्याही आधी अमेरिकेतून आलेली आहे.

या मताला विरोध करणारेही आहेत. ते म्हणतात, परंपरा मोडायलाच हवी, मिश्रण हेच नव्या काळाचं लक्षण, जुन्यांनी बाजूला व्हावं. ‘एमटीव्ही हसल’ या रॅपच्या स्पर्धेच्या मंचावर अमरावतीचा सौरभ अभ्यंकर जाऊन पोचला, तेव्हा कौतुक करणाऱ्यांचा सूरही असाच होता: वऱ्हाडात काहीतरी पहिल्यांदाच घडलं. गंमत अशी, की भांडणारे हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या पायावर उभे आहेत. दोघांनाही वाटतं, की वऱ्हाडात पूर्वी काहीतरी निर्भेळ होतं. एकाला ते जपायचं आहे, दुसऱ्याला मोडायचं आहे. ते नेमकं काय होतं, हे मात्र दोघांपैकी कुणी सांगत नाही.

मग आपणच शोधू.

सगळ्यात जुन्या ठिकाणाहून सुरुवात करावी म्हटलं तर अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर गाठावं लागतं. महानुभाव पंथाचं हे काशीक्षेत्र. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे ते याच पुण्याईवर. तेराव्या शतकाच्या अखेरीस इथं पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सहवासात महदाइसेनं धवळे रचले. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. धवळे म्हणजे लग्नघरात बायका म्हणायच्या ती गाणी: वराचं वर्णन, वऱ्हाड्यांची थट्टा, मांडवाची शोभा. महदाइसेनं त्या घरगुती चालीत रुक्मिणीस्वयंवर बसवलं. म्हणजे लग्नाचं गाणं, कृष्णकथा आणि पंथाची भक्ती, तिन्ही एका बाईनं एका घाटात आणली, तेही गोविंदप्रभूंनी मांडलेल्या लग्नाच्या खेळात, ऐन वेळी. आजच्या जाणकारांच्या फूटपट्टीनं मोजलं तर मराठीची पहिली कवयित्रीच भेसळखोर ठरते.

खडी गंमत घ्या. विदर्भाचा हा तमाशा. शाहीर उभ्यानं गातो, सोबत डफ, ढोलकी, तुणतुणं. त्यात गण आहे, गवळण आहे, लावणी आहे, पोवाडा आहे, आणि मधेच कलगी-तुऱ्याचे आध्यात्मिक सवाल-जवाब. या कलगी-तुऱ्याची परंपराच मुळी तुकनगीर आणि शाह अली अशा दोघांपासून सांगितली जाते, एक गोसावी आणि एक फकीर. ज्या प्रकाराच्या जन्मकथेतच दोन धर्मांचे दोन बाप आहेत, त्याच्या शुद्धतेची काळजी वाहणारे कोण?

आणि यात नवल तरी काय आहे? वऱ्हाड हा कुणाच्या तरी वाटेवरचा प्रदेश राहिला आहे. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. त्या घराण्यानंतर निजामशाही, मुघल, मग हैदराबादचा निजाम. १८५३मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६पर्यंत अमरावती आणि अकोला हे जिल्हे मध्य प्रदेशात होते. म्हणजे पुण्यातला श्रोता एका भाषेत ऐकत होता त्या काळात इथला श्रोता घरी वऱ्हाडी, शाळेत मराठी, कचेरीत आणि बाजारात हिंदी, आणि अचलपूर-बाळापूरच्या मोहल्ल्यात उर्दू ऐकत होता. अशा कानांसाठी गाणारा माणूस एकाच प्रकाराला चिकटून बसला असता तर अर्धी सभा उठून गेली असती.

आता मुख्य साक्षीदाराकडे येतो, कारण त्याच्याविना हा वाद वऱ्हाडात चालवणं म्हणजे विनोदच आहे.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा जन्मला. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज गुरू झाले आणि माणिकचा तुकड्या झाला. पुढं महाराष्ट्रानं त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखलं. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांविषयी, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाविषयी, ग्रामसुधारणेविषयी भरपूर लिहून झालं आहे. त्यांच्या गाण्याविषयी मात्र आपल्या संगीतसमीक्षेनं जवळजवळ मौन पाळलं आहे. त्यांचं गाणं हे उपदेशाचं वाहन, त्यात संगीत ते काय, असं बहुधा गृहीत धरलेलं असावं. माझ्या मते हे गृहीतक त्यांच्यावर अन्याय करतं, आणि आजच्या वादातला गोंधळही तिथूनच सुरू होतो.

त्यांचं वाद्य खंजिरी. एका बाजूनं चामडं मढवलेलं लहानसं कडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची, आणि चामड्यावर बोट दाबून नाद चढवायचा-उतरवायचा. या वाद्याचा खरा गुण संगीताच्या पुस्तकात सापडत नाही, तो फक्त गाताना कळतो. गाणारा आणि ठेका धरणारा माणूस एकच असतो. तबलजीकडे बघायचं नाही, पेटीवाल्याला खूण करायची नाही. ओवीच्या सैल चालीवरून कव्वालीच्या धावत्या केरव्यावर जायचं असेल तर दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही. टाळ्या पडायला लागल्या की लय चढवायची, सभेत चुळबुळ सुरू झाली की ठेका थांबवून चार वाक्यं बोलायची आणि पुन्हा उचलायचं. एकटेपणानंच ही मोकळीक दिली. ‘एकट्यानं केलं म्हणून तुटलं’ असं जे म्हणतात त्यांनी हे यंत्र नीट पाहिलेलं नाही: मिश्रण जमलं तेच मुळी एकट्यानं केल्यामुळं.

आणि मिश्रण किती दूरवर गेलं! मराठीत अभंग आहेत, पदं आहेत, ग्रामगीतेत साडेचार हजारांहून अधिक ओव्या आहेत. हिंदीत तर वेगळीच दुनिया आहे. देव एकच, त्याची नावं अनेक, या आशयाचं त्यांचं जे हिंदी भजन आजही शाळाशाळांत प्रार्थना म्हणून चालतं, त्याची बांधणी बघा. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच शब्दसमूह फिरून येतो. हे अभंगाचं अंग नव्हे. हे रदीफचं अंग आहे, गझल आणि कव्वालीच्या घरातलं. ते भजनाच्या खंजिरीवर चढलं आणि खाली सही ‘तुकड्यादास’ अशी संतकाव्याच्या रीतीनं आली. फारसी वळणाची रचना, हिंदी भाषा, संतकाव्याची नाममुद्रा, वऱ्हाडी गळा. हे केलं म्हणून त्यांना कुणी मूळ सोडलेला म्हटलं नाही. १९३६मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले, १९४२च्या चळवळीत त्यांना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं गेलं. इंग्रज सरकारला त्या गाण्यांची धास्ती वाटत होती. संगीतात फार गती नसलेल्या त्या सरकारला एवढं तरी कळलं होतं, की या माणसाच्या गाण्यात बळ आहे. १९५५मध्ये जपानच्या धर्मपरिषदेला गेले तेव्हाही सोबत खंजिरी होती. १९६२ आणि १९६५च्या युद्धांत सीमेवर जाऊन जवानांसमोर ते गायले, तेही तिच्यावरच.

इथं एक आक्षेप येईल: हे सगळं भक्तीचं होतं, त्याला एक ध्येय होतं, आजच्या पोरांचं काय? पण हा आक्षेप मूळ मुद्दा सोडून देतो. ‘मिश्रणानं परंपरा तुटते’ असा दावा होता. ‘चांगल्या हेतूनं मिसळलं तर तुटत नाही’ असं म्हटल्याबरोबर मिश्रणावरचा आरोप मागं घेतला गेला. उरला तो हेतूचा प्रश्न, आणि हेतू तर शुद्ध ख्याल गाणाऱ्याचाही तपासावा लागेल.

तुकडोजींच्या आधी, त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आणि देह ठेवला तोही वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ला. त्यांचं कीर्तन नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगात बसत नाही, वारकरी कीर्तनाच्या चौकटीतही नीट बसत नाही. सवाल, जवाब, गोष्ट, टोला, नामाचा गजर, पुन्हा सवाल. सभेला बोलतं करून तिच्याच उत्तरावर पुढचा टोला. रॅपमधल्या हाक-उत्तराच्या रीतीचं मूळ शोधायला अमेरिकेला जाणाऱ्यांना वाटेत वलगाव लागलं असतं.

आता अकोल्याकडे. अकोट तालुक्यातले सत्यपाल महाराज हे नाव वऱ्हाडात सांगावं लागत नाही, पण मुंबई-पुण्याच्या वाचकासाठी सांगतो: सप्तखंजिरीवादक. तुकडोजींच्या एका खंजिरीच्या त्यांनी सात केल्या. वेगवेगळ्या नादाच्या सात खंजिऱ्या हा माणूस एकटा वाजवतो आणि त्यातून तबला, ढोलकी, संबळ अशा निरनिराळ्या वाद्यांचा भास उभा करतो. वाजवता वाजवता तुकडोजी-गाडगेबाबांचं बोलणं, वऱ्हाडी चुटके, हुंड्यावर, दारूवर, बुवाबाजीवर फटकारे, मधे एखादी लोकप्रिय चाल, आणि परत भजन. त्यांचे शिष्यही आता हीच सप्तखंजिरी घेऊन गावोगाव फिरतात. हे कीर्तन आहे, एकपात्री आहे, तालवाद्याचा एकल कार्यक्रम आहे, का प्रबोधनाची सभा आहे? कोणत्याही एका खणात घालायला गेलात तर उरलेलं बाहेर राहतं.

सप्तखंजिरीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. एकट्या माणसाला अनेक वाद्यांचा भरणा हवा असतो, ताफा परवडत नसतो किंवा सोबत नेता येत नसतो, म्हणून तो एक युक्ती काढतो आणि त्या युक्तीतून नवा नाद जन्मतो. आज अमरावतीच्या राजापेठेतल्या किंवा अकोल्याच्या जठारपेठेतल्या एखाद्या खोलीत लॅपटॉपवर सात पट्ट्या रचणारा पोरगा याहून वेगळं काय करतो? साधन बदललं आहे, गरज तीच आहे. सत्यपाल महाराजांना कुणी ‘स्टुडिओसंस्कृतीचे’ म्हणत नाही, कारण त्यांच्यासमोर माणसं बसलेली दिसतात. या फरकाकडे मी पुढे येणारच आहे, तो खरा आहे. पण एकट्यानं अनेक आवाज उभे करणं ही गोष्ट वऱ्हाडाला परकी नाही, इतकं इथं सिद्ध झालंच.

समूहाची गाणी इथं नाहीत असं कुणी म्हणत नाही. भुलाबाईच्या महिनाभराच्या गाण्यांना पोरींचा घोळका लागतो, दंडारीला मंडळ लागतं, मेळघाटातल्या कोरकूंच्या गादली-सुसुनला तर अख्खं गाव. पण जात्यावर पहाटे एकटीच बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा तिच्यामागं कुठला फड असतो? त्याच एका बैठकीत ती विठ्ठलाला, भावाला, सासूला आणि स्वतःच्या नशिबाला गाते. समूह आणि एकटा, दोन्ही वाटा इथं पहिल्यापासून आहेत.

गझलेचं उदाहरण थोडक्यात घेतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १५ एप्रिल १९३२. माधव जूलियनांनी फारसी गझल मराठीत आणली तरी ती रुजली भटांच्या हातून. ‘रूपगंधा’ १९६१मध्ये आली, दुसरा संग्रह ‘रंग माझा वेगळा’ १९७४मध्ये. तेरा वर्षं मधे गेली. पहिल्या संग्रहात गीत आणि कविता यांच्या सोबतीनं असलेली गझल दुसऱ्यात ठामपणे पुढं आली आणि १९८३च्या ‘एल्गार’मध्ये तीच घरधनीण झाली. ‘पहिल्यात ओल होती, दुसऱ्यात कालवाकालव’ या आवडत्या सूत्राला हा इतिहास उलटं उत्तर देतो: इथं दुसऱ्या पुस्तकातच माणूस स्वतःचा झाला. गझल मराठीला परकी, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्याच भीमराव पांचाळ्यांनी मराठी गझलगायन हेच आयुष्याचं काम केलं, आणि राज्य सरकारनं २०२४ सालचा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार त्यांना दिला. कालची भेसळ आज सरकारी सन्मानाची परंपरा झाली. मधल्या काळात गझलेची मात्रा बदलली नाही, जाणकार बदलले.

आणि ज्यांच्या नावानं शुद्धतेची शपथ घेतली जाते त्या मराठी नाट्यसंगीताचं काय? १८८०च्या ‘शाकुंतला’पासून नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचा उल्लेख असे: कानडी पद, लावणी, साकी, दिंडी, पुढं पुढं हिंदुस्थानी चीज. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबच्या ठुमरीचा रंग आणला. अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांनी ‘रणदुंदुभि’ लिहिलं, वझेबुवांनी चाली दिल्या आणि दीनानाथ मंगेशकरांच्या पंजाबी ढंगाच्या ताना त्यावर बरसल्या. वऱ्हाडातला लेखक, ग्वाल्हेर घराण्याचा गवई संगीतकार, गोव्याचा गायक, पंजाबचा ढंग. यातलं काय काढून टाकलं म्हणजे ते शुद्ध होईल?

बोलीविषयीचा आक्षेप जरा वेगळा आहे आणि अधिक चिडवणारा. म्हणे वऱ्हाडी हसण्यासाठी ठीक, गंभीर गाण्यात ती सोंग वाटते. हा समज सिनेमा-नाटकांनी पोसला: वऱ्हाडी बोलणारा म्हणजे नोकर किंवा भोळा पाहुणा. अकोला जिल्ह्याच्या विठ्ठल वाघांची कविता १९८१च्या ‘अरे संसार संसार’ चित्रपटातून घराघरांत गेली तेव्हा तिच्यावर कुणी हसलं नाही. पेरणीच्या त्या गाण्यानं अख्ख्या महाराष्ट्राचा ऊर भरून आला. पण मला इथं बोलीच्या कारागिरीविषयी बोलायचं आहे. वऱ्हाडीत चालू क्रिया ‘करून रायलो’, ‘जाऊन रायलो’, ‘पाहून रायलो’ अशी येते. म्हणजे ओळीच्या शेवटी फिरून येणारा शब्द बोलीनंच तयार ठेवला आहे आणि त्याच्या आधी यमक जुळवायची जागाही. ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ हे आखूड, मोकळे शेवट ठेक्यावर नेमके बसतात. प्रमाण मराठीत ‘मी करत आहे’ म्हणताना शेवटचं ‘आहे’ लयीत लोळतं, ते सावरायला कवीला कसरत करावी लागते. शब्दांच्या आघातावर जगणाऱ्या रॅपसारख्या प्रकाराला वऱ्हाडी बोली सोयीची पडते याचं कारण हे आहे. त्यात सोंग काही नाही. उलट वऱ्हाडचा पोरगा प्रमाण मराठीत किंवा मुंबईच्या हिंदीत रॅप करतो तेव्हा खरं सोंग सुरू होतं, आणि ते ऐकू येतं.

आता ‘एकच गाणं आधी सोडलं’ यावरची नाराजी. तिचा सूर असा, की पूर्वी सलग काम यायचं, आता तुकडे विकतात. ध्वनिमुद्रणाचा इतिहास याच्या उलट आहे. भारतात १९०२मध्ये पहिल्या व्यापारी तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण झालं. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीवर एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत. दीर्घ काळ वाजणारी तबकडी, जिच्यामुळं अल्बम ही कल्पना रुळली, ती १९४८मध्ये अमेरिकेत आली. म्हणजे एकटं गाणं हा मूळ प्रकार आणि अल्बम हा नंतरचा. दीनानाथांची पदंही लोकांनी अशीच सुटी ऐकली. नाटक पाहिलेल्यांपेक्षा तबकडी ऐकलेले किती तरी पटींनी जास्त असणार. एका गाण्यानं आपली परीक्षा होऊ द्यायला तयार असलेला कलावंत उथळ कसा ठरतो, हे मला कळलेलं नाही.

इतकं म्हटल्यावर विरोधकांच्या पदरी काहीच टाकायचं नाही असं नाही. दोन गोष्टी मी मान्य करतो.

पहिली सभेची. गाडगेबाबांचं, तुकडोजींचं, सत्यपाल महाराजांचं मिश्रण लोकांसमोर घडत होतं. चाल पटली नाही तर समोरचा म्हातारा तंबाखू मळायला लागायचा, आणि गाणाऱ्याला त्याच क्षणी कळायचं. ती शिक्षा तत्काळ होती, म्हणून मिश्रण घासून घासून गुळगुळीत झालं. खोलीत बसून केलेल्या गाण्याला हा धाक नाही. म्हणून आजची पुष्कळ मिश्रणं कच्ची राहतात: ढोलकी आहे पण तिची लय रॅपच्या लयीशी भांडते, भजनाची चाल आहे पण ती केवळ शोभेला टांगलेली आहे. हा दोष खरा आहे. पण तो कच्चेपणाचा दोष आहे, मिसळण्याचा नाही. कच्चं भजनही असतं, आणि त्याला आपण परंपरेबाहेर काढत नाही.

दुसरी गोष्ट श्रेयाची, आणि इथं मी जाणकारांपेक्षाही कडक आहे. पूर्वी चाल सामायिक होती. भजनाच्या जुन्या वहीत पदाच्या वर चालीचं नाव लिहिलेलं असे, म्हणजे ऋण डोक्यावर छापून मग गाणं सुरू होई. आज एखाद्या गोंधळ्याचा आवाज, एखाद्या भजनी मंडळाची खंजिरी ध्वनिमुद्रणातून उचलायची, आपल्या गाण्याखाली पेरायची आणि नाव द्यायचं नाही, पैसे तर नाहीच नाही, असं जो करतो त्याला चोर म्हणावं. १९५७चा स्वामित्व हक्काचा कायदा आहे, त्यात सादर करणाऱ्या कलावंताचे हक्कही पुढं आले आहेत. गावातल्या वादकाला तो कायदा माहीत नसतो, हे शहरातल्या ध्वनिमुद्रकाला माहीत असतं. शुद्धतेच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी या अन्यायावर एक ओळ लिहिलेली सहसा आढळत नाही. ज्यावर खरोखर रागवायला हवं ते सोडून ते गिटारवर रागावतात.

तेव्हा नव्या गाण्यावर लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. ठेका कुठून आला, चाल कुणाची, बोली गाणाऱ्याच्या घरची आहे का उसनी, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव त्यानं दिलं का, हे शोधून छापा. मग गाणं वाईट असेल तर खुशाल वाईट म्हणा. आणि हे लिहायला बसण्याआधी एकदा आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, गुरुकुंज मोझरीला जाऊन खंजिरी भजन ऐका. अमरावती-नागपूर महामार्गावरच आहे, एसटी थांबते.